मुख्य रस्त्यावरील उसाची वाहतूक : गाडी मागून वेळेवर दिसावी म्हणून

खरिपाची सुगी आटोपते न आटोपते तोच, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि पश्चिम महाराष्ट्रातील व मराठवाड्यातील रस्त्यांचे रूप पालटते. पुणे-सोलापूर, नगर-मनमाड, सांगली-कोल्हापूर अशा रस्त्यांवर व त्यांना येऊन मिळणाऱ्या लहान-मोठ्या वाटांवर उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगा आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढील चार-पाच महिने अहोरात्र ये-जा करीत असतात. त्याच रस्त्यांवरून कुरकुंभ, बारामती, शिरोली, कागल येथील औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार मोटारसायकलींवरून धावत असतात. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी, दूध नेणारे टेम्पो आणि एस. टी. च्या गाड्या यांचाही मार्ग तोच. एक वाहन ताशी ४ किलोमीटर चालणारे, दुसरे ताशी १५ ते २० किलोमीटर आणि तिसरे ताशी ६० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे, अशी ही एकत्र वाहतूक असते. दरवर्षी हंगामात या रस्त्यांवर माणसे दगावतात. त्यांत पहाटे कामावर निघालेला मोटारसायकलस्वार असतो, त्याचप्रमाणे गाडीवर बसलेले ऊसतोड मजुराचे कुटुंबही असते.

अशा अपघातानंतर मंद वाहनांना मुख्य रस्त्यावर येऊच देऊ नये, अशी मागणी होते. ज्या रस्त्याची आखणीच केवळ जलद वाहनांसाठी झाली आहे, तेथे ही बंदी योग्यच आहे; मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बैलगाडी व ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. परंतु इतर रस्त्यांची गोष्ट निराळी आहे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा लागतो. विलंब झाल्यास त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही खाली येतो. शेत रस्त्याच्या एका बाजूस व कारखाना दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती शेकडो गावांची आहे. तेव्हा गाडी रस्त्यावर येणारच, हे गृहीत धरून विचार करणे प्राप्त आहे.

मंद गती आणि उशिरा दिसणे

केवळ गती मंद आहे म्हणून अपघात होतो, असे म्हणणे पुरेसे नाही. भर दिवसा, सरळ रस्त्यावर बैलगाडी दुरून दिसते आणि मागील वाहनाचा चालक सावकाश बाजू काढून निघून जातो. तीच गाडी पहाटे चार वाजता धोक्याची ठरते, कारण ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल.

ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदास सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर काही आहे असे डोळ्यांस दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही ती थांबण्यास आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकंदर ४५ ते ५० मीटर अंतर हाती असेल तरच ती थांबू शकेल. आता उसाच्या गाडीकडे पाहावे. वाळलेले पाचट, धुळकटलेली वाढी, मातकट झालेली फळी यांपैकी कशावरही प्रकाश उजळून परतत नाही. दिव्याच्या खालच्या झोतात अशी वस्तू ३०-४० मीटरांपलीकडे बहुधा ओळखूच येत नाही. समोरून दुसऱ्या वाहनाचा प्रखर दिवा डोळ्यांवर येत असेल तर त्याहूनही कमी. ४५ मीटरांची गरज आणि ३५ मीटरांची दृष्टी, या दहा-पंधरा मीटरांच्या तफावतीतच माणूस मरतो. बैलगाडीची स्वतःची चाल सेकंदास एक मीटरच्या आसपास असल्याने, टक्कर टाळण्याच्या दृष्टीने ती जवळजवळ उभ्या भिंतीसारखीच समजावयास हवी.

याउलट गाडीच्या मागे स्वच्छ परावर्तक पट्टी असेल, तर ती १५० मीटरांवरूनही सहज चमकते. मोटारसायकलस्वारास मिळणारा अवधी त्यामुळे सुमारे दोन सेकंदांवरून नऊ सेकंदांवर जातो. दोन सेकंदांत मनुष्य दचकतो. नऊ सेकंदांत तो वेग कमी करतो, समोरून कोणी येत नाही ना हे पाहतो आणि मगच बाजू काढतो. रस्ता रुंद करणे शेतकऱ्याच्या हाती नाही, मागून येणाऱ्याचा वेग कमी करणेही नाही; हे सात सेकंद मात्र त्याच्या हाती आहेत आणि त्यांची किंमत थोडक्या रुपयांची आहे.

‘रेडियम’विषयी गैरसमज

या परावर्तक पट्टीस गावोगावी ‘रेडियम’ असे म्हणतात. वस्तुतः तीत रेडियम या धातूचा लवलेशही नसतो आणि ती अंधारात आपण होऊन प्रकाशतही नाही. तिच्या पृष्ठभागात काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक पैलू बसविलेले असतात. ते आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत पाठवितात. म्हणून ज्याच्या वाहनाचा दिवा तिच्यावर पडतो, त्यालाच ती लखलखीत दिसते. ही गोष्ट नीट समजली म्हणजे तिच्या वापरातील बहुतेक चुका टळतात.

पहिली चूक धुळीची. पट्टीवर धुळीचा, चिखलाचा अथवा मळीचा थर बसला की प्रकाश आत जातही नाही व परतही येत नाही. हंगामाच्या आरंभी समारंभपूर्वक चिकटविलेली पट्टी डिसेंबरात केवळ नावापुरती उरते, असे पुष्कळ ठिकाणी आढळून येते. ओल्या फडक्याने ती रोज पुसली पाहिजे. बैलांना पाणी दाखविण्याइतकेच ते नित्याचे काम मानावे. दुसरी चूक रंगाची. मागील फळी तांबड्या रंगाने रंगविली म्हणजे काम झाले असे काही जण समजतात. परंतु साधा तांबडा रंग रात्री काळाच दिसतो.

तिसरी चूक सर्वांत घातक असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पट्टी गाडीच्या मागील फळीवर लावतात, आणि भरताना उसाच्या मोळ्या त्या फळीच्या बाहेर हात-दीड हात येतात. वर वाढ्यांचे भारे ठेवले तर त्यांचे शेंडे खाली लोंबतात. रिकामी गाडी यार्डात उभी असताना पट्टी उत्तम दिसते. भरल्यावर ती उसाच्या आड जाते. म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच ती निकामी! याकरिता परावर्तक हे गाडीला न लावता भाराला लावावेत. हातभर लांबीच्या दोन लाकडी फळ्या घेऊन त्यांवर तांबडी परावर्तक पट्टी बसवावी, त्यांस सुतळी अथवा तारेचे आकडे ठेवावेत आणि गाडी पूर्ण भरून दोर आवळल्यानंतर त्या सर्वांत मागे आलेल्या मोळ्यांना बांधाव्यात. कारखान्यावर गाडी खाली करण्यापूर्वी त्या काढून घ्याव्यात. फळी जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर असावी, कारण दिव्याचा खालचा झोत त्याच उंचीवर चांगला पडतो. ती तिरपी न लोंबता मागील वाहनाकडे सरळ तोंड करून असावी.

फळ्या दोन सांगितल्या, त्यास कारण आहे. मध्यभागी एकच तांबडा ठिपका दिसला तर मागच्या चालकास पुढे सायकल असावी असे वाटते, व तो सायकलीला सोडावी तितकीच जागा सोडतो. दोन कडांना दोन खुणा असल्या म्हणजे वाहनाची रुंदी कळते. पुढील बाजूस पांढरी आणि दोन्ही अंगांस पिवळी पट्टी लावण्याचा प्रघात आहे. चौकात आडव्या जाणाऱ्या गाडीस अंगावरील पिवळ्या पट्टीचा मोठा आधार होतो.

आखाखाली कंदील टांगण्याची जुनी चाल सोडून देण्याजोगी नाही. ज्या वाहनाला स्वतःचा दिवा नाही, त्याला परावर्तक दिसणार नाही. सायकलस्वार किंवा पायी चालणारा यांच्यासाठी प्रत्यक्ष दिवाच हवा. आता घासलेटच्या कंदिलाऐवजी बॅटरीवर उघडझाप करणारा लहान तांबडा दिवा बाजारात मिळतो. तो मागील फळीशेजारी बांधावा.

संधिप्रकाश आणि दाट धुके यांत मात्र आणखी एक अडचण असते. मागील वाहनांचे दिवे तेव्हा पुष्कळदा लागलेले नसतात आणि डोळ्यांना रंगही नीट उमगत नाहीत. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात केन हार्कनेस या कृषी अभियंत्याने १९६२ मध्ये मंद वाहनांसाठी जी त्रिकोणी खूण तयार केली, तिच्यात याचा विचार केलेला आहे. त्रिकोणाचा मधला भाग भडक नारिंगी असून तो दिवसा उठून दिसतो, आणि कडेची तांबडी परावर्तक किनार रात्री चमकते. त्या देशात ताशी २५ मैलांहून कमी वेगाने चालणाऱ्या शेतीच्या वाहनांवर ही खूण ओळखीची झाली आहे. आपल्याकडील गाडीवानास हाच लाभ भडक नारिंगी कापडाचा तुकडा फळीशेजारी बांधून मिळविता येईल.

ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या

ट्रॅक्टरला दिवे असतात, म्हणून तो सुरक्षित आहे अशी समजूत होते. पण मागून येणाऱ्यास ट्रॅक्टर दिसतच नाही. त्याला दिसते ती दुसरी ट्रॉली. तिच्या मागील दिव्यांची तार पहिल्या ट्रॉलीवरून येते, आणि ट्रॉल्या जोडताना-सोडताना ती तुटते किंवा तिचा प्लग हरवतो. मग संपूर्ण हंगामभर शेवटची ट्रॉली अंधारात जाते. तार जोडणे दुकानदाराच्या अर्ध्या तासाचे काम आहे. तेही होत नसेल तर वर सांगितलेल्या फळ्या व बॅटरीचा दिवा ट्रॉलीसही चालतो.

पुढील दोन दिव्यांपैकी एकच लागत असेल तर समोरून येणाऱ्यास ती मोटारसायकल वाटते व तो रस्त्याच्या मध्यातून बेधडक येतो. रात्रीच्या नांगरटीसाठी मागे बसविलेला पांढरा दिवा रस्त्यावर चालू राहिला तर मागच्यास समोरून वाहन येत असल्याचा भास होतो, शिवाय त्याचे डोळे दिपतात. डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी तो बंद केलाच पाहिजे.

शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे दाबता येतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे खिटीने एकत्र जोडून ठेवावेत. ही खिटी न लावता घाईने एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागीच एका अंगास फिरतो आणि मागील भार त्याच्यावर चढून येतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. पंधरा-वीस टनांचा ऊस उतारावर ट्रॅक्टरला ढकलीत असतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, आणि इंधन वाचविण्याच्या हेतूने न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची खोड टाकून द्यावी. जोडणीच्या पिनेस खिळा आणि सोबत साखळी असल्याखेरीज ट्रॉली हलवू नये.

मोठ्या आवाजात गाणी लावण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. रात्रभर जागणाऱ्या चालकास झोप येऊ नये म्हणून ती लावतात असे सांगण्यात येते. झोप उडते की नाही हा वादाचा विषय होईल. मागच्या वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही हे निर्विवाद आहे.

उजवीकडे वळण्याचा प्रसंग विशेष कठीण असतो. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची लांबी सुमारे १५ मीटर धरली व रस्ता ७ मीटर रुंद असला, तर ताशी ५ किलोमीटर गतीने संपूर्ण जोड रस्त्याबाहेर जाण्यास १६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरचे वाहन सुमारे २७० मीटर येते. म्हणजे दोन्ही दिशांना किमान तेवढा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय वळण घेऊ नये. जेथे वळणामुळे किंवा चढामुळे इतके दूरचे दिसत नाही, तेथे सोबत्याने बॅटरी घेऊन खाली उतरावे व पुढे जाऊन इशारा द्यावा.

गाड्यांची रांग

बैलगाड्या एकामागोमाग लागून चालतात. पुढच्या गाडीमागे बैल आपोआप चालत राहतात आणि गाडीवानास डुलकी घेता येते, हे त्याचे खरे कारण होय. दहा गाड्यांची सलग रांग सुमारे १०० मीटर होते. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलीस ती ओलांडण्यास १० सेकंद लागतात. त्या अवधीत ती स्वतः ११० मीटर जाते आणि समोरून येणारी एस. टी. जवळजवळ १७० मीटर. मध्ये कोठे शिरावयास जागा नसल्याने मोटारसायकलस्वार पेचात सापडतो. दोन-दोन, तीन-तीन गाड्यांचे गट करून गटागटांत ५० मीटरांचे अंतर ठेवले, तर त्यास टप्प्याटप्प्याने पुढे जाता येते. यात गाडीवानाचा एक क्षणही वाया जात नाही. प्रत्येक गटाच्या शेवटच्या गाडीवर मात्र जागा माणूस असावा.

ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार बैलांकडून दिवसाला एकंदर ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. हा नियम बैलांच्या दयेपोटी केलेला असला तरी त्यात रस्त्याचीही सुरक्षितता आहे. थकलेली जोडी उतारावर गाडी आवरू शकत नाही व भोंग्याने बुजून रस्त्याच्या मध्याकडे ओढते.

बंद पडलेले वाहन

चालत्या वाहनापेक्षा बंद पडून उभे राहिलेले वाहन अधिक बळी घेते, असे हंगामी वाहतूक पाहणाऱ्या कोणासही वाटल्यावाचून राहणार नाही. टायर फुटतो, आख मोडतो, चालक मिस्त्रीच्या शोधात निघून जातो आणि ट्रॉली रस्त्याच्या कडेस, अर्धी डांबरावर, रात्रभर उभी राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ अन्वये धोका होईल अशा स्थितीत वाहन वा ट्रॉली सोडून जाणे हा गुन्हा आहे. शक्य असेल तर ती खाली साइडपट्टीवर घ्यावी. न घेता आल्यास ऊस उतरवून घ्यावा. मागे ५० मीटर व १०० मीटर अंतरावर परावर्तक फळ्या उभ्या कराव्यात आणि एक माणूस तेथे थांबवावा.

येथे आपल्याकडील एका रूढीचा उल्लेख करणे भाग आहे. वाहनाभोवती खूण म्हणून मोठे दगड व झाडाच्या फांद्या मांडतात. फांद्या दिवसा कामास येतात, रात्री त्या दिसत नाहीत. दगड तर रात्री दिसत नाहीतच, शिवाय वाहन दुरुस्त होऊन निघून गेले तरी ते रस्त्यावर तसेच पडून राहतात. पुढचा अपघात त्या दगडांवर होतो, आणि त्याचे कारण झालेली ट्रॉली तोवर कारखान्यावर पोहोचलेली असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

ऊस वाहणारा मजूर बहुधा बीडकडील किंवा अन्य दुष्काळी भागातून आलेला असतो. गाडी पुष्कळदा कारखान्याची असते, उचल मुकादमाची असते आणि मजुराची असते ती केवळ जोडी व मेहनत. दिवसभर तोडणी करून तो पहाटे गाडी जुंपतो. लहान मूल मोळ्यांवर झोपलेले असते. त्याला रस्त्याच्या कडेस गाठून सुरक्षिततेवर व्याख्यान देणे निरर्थक आहे. फळ्या, पट्टी व दिवा ही सामग्री हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या यार्डातच प्रत्येक गाडीस मिळावी, असा आग्रह कार्यकर्त्याने कारखान्याच्या शेतकी खात्याकडे धरावा. अनेक कारखाने पट्ट्या लावून देतात. त्या भरलेल्या गाडीवर दिसतात काय, हे वजनकाट्यावर तपासण्याची व्यवस्था व्हावयास हवी. काट्यावर प्रत्येक गाडी थांबतेच. एका माणसाने मागे जाऊन बॅटरीचा झोत टाकला तर पाच सेकंदांत उत्तर मिळते, आणि फळी हरवली असल्यास दुसरी तेथेच देता येते.

दुसरे काम पाणंदींचे. गावातील जुन्या गाडीवाटा मुख्य रस्ता टाळून कारखान्याच्या दिशेने जात असत. त्यांपैकी कित्येक आज बांध सरकवून नांगरल्या गेल्या आहेत. अशा वाटेवरील अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, व बांधावरून नवीन वाट मिळविण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वाटेचे मातीकाम व खडीकरण यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना सुरू केली. ज्या गावात एक-दोन किलोमीटरची पाणंद मोकळी झाल्याने शंभर गाड्या मुख्य रस्त्यावर येण्याचे टळते, त्या गावाचा ठराव ग्रामसभेत आधी व्हावा. हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे मध्ये, शेते मोकळी असताना मोजणी व काम दोन्ही सुलभ होतात.

अपघात झालाच तर प्रथम धावून जाणारे रस्त्यालगतच्या शेतातील लोकच असतात. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने काही जण हात लावण्यास कचरतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ घालण्यात आले असून, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी, जखमीस उगाच हलवू नये, आणि एका माणसाने तत्काळ मागे जाऊन येणारी वाहने थांबवावीत. अंधारात पडलेल्या गाडीवर दुसरे वाहन येऊन आदळण्याची भीती पहिल्या काही मिनिटांत सर्वांत अधिक असते. गाडीचा दोर तोडून बैल जुवातून मोकळे करण्याचे काम गाडीवानावर किंवा बैलांची सवय असलेल्या माणसावर सोपवावे. घाबरलेले जनावर जखमीवर पाय देते.